ब्रँचबाहेरचा चॅप्टर

मित्रांनो, 'थर्मल स्ट्रेस'चा चॅप्टर आपण बिनधास्त ऑप्शनला टाकतो. इलेक्ट्रिकलवाले तर म्हणतात, "ते मेकॅनिकलवाल्यांचं दुखणं!"

आता फ्रान्समधल्या 'ईटर' या फ्यूजन प्रकल्पातल्या चुंबकांची सुपरकंडक्टिंग केबल बघा. तिच्यातलं निओबियम-टिन तयार होतं साधारण ६५० अंश सेल्सिअसला आणि काम करतं उणे २६९ अंशांच्या आसपास. म्हणजे ९०० अंशांहून जास्त फरक! थंड होताना बाहेरचं स्टीलचं आवरण आतल्या तारांपेक्षा जास्त आकसतं आणि त्यांना दाबतं. हा स्ट्रेन एक टक्क्याहूनही कमी. पण तेवढ्यानंच तारेची करंट वाहून नेण्याची क्षमता चांगलीच घटते. ताण उलट दिशेनं वाढला, तर हा ठिसूळ पदार्थ तडकतो. थोडक्यात, ॲम्पिअरचा हिशोब आकसण्याच्या हिशोबावर अडतो.

या प्रकल्पाच्या करारावर २००६ साली भारतानंही सही केली आहे. उद्या आपल्यापैकी कुणी तिथं गेलं, तर 'हे आमच्या सिलॅबसला नव्हतं' म्हणून चालेल का? तेव्हा ब्रँचच्या भिंती हॉस्टेलच्या क्रिकेट मॅचपुरत्याच ठेवूया. अभ्यासात त्या नकोत!