यंत्र नवे, दरबार जुना

कामाची वेळ संपल्यावर कचेरीच्या दूरध्वनीस वा संदेशास उत्तर न देण्याचा हक्क नोकरदारांस असावा, असे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे ह्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा मांडले. २०१८ च्या अखेरीसही त्यांनी असाच प्रयत्न केला होता. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे ध्यानी घेता ह्या विधेयकाचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको. तथापि त्यातून निघालेला प्रश्न पुण्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांतून हजारो तरुण परदेशस्थ सहकाऱ्यांसमवेत काम करतात. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा येथे सायंकाळचे साडेसात झालेले असतात. काही संदेश अवेळी यावयाचेच. तो भूगोलाचा दोष. परंतु रात्री अकराला बाणेरमध्ये राहणाऱ्या साहेबांचा संदेश येतो आणि पाच मिनिटांत दहाजण हात जोडल्याची चित्रे धाडतात, ह्यात भूगोल कोठे आला? दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून तशी पाटी निःसंकोच लावणाऱ्या ह्या शहरास रात्री 'उद्या पाहतो' म्हणण्याचे धैर्य होऊ नये, हे नवलच!

व्हॉट्सॲप पॅरिसला आहे तेच पुण्यास आहे. फ्रान्समध्ये मात्र मोठ्या आस्थापनांनी ह्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाटी करणे २०१७ पासून कायद्यानेच आवश्यक ठरले. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी हाक मारताच 'ओ' द्यावी, हा संस्कार. घरात तो शोभतो. कचेरीत त्याचा दरबार होतो. साहेब तातडीने उत्तर द्या असे म्हणतही नाहीत. परंतु संदेश वाचल्याची निळी खूण उमटली की मौन हा उर्मटपणा ठरतो.

ह्यात केवळ झोपेचे नव्हे, कामाचेही नुकसान आहे. साहेब असलेल्या गटात 'होय सर' म्हणावयाचे आणि खरी अडचण साहेब नसलेल्या दुसऱ्या गटात बोलावयाची, ही रीत पडते. काम मुदतीत होणार नाही हे ह्या दुसऱ्या गटास सोमवारीच ठाऊक असते; साहेबांस ते शुक्रवारी कळते. परदेशी सहकारी 'होय' म्हणजे काम होईल असे समजतो. आमच्या तरुणास मात्र 'आपले म्हणणे ऐकले' एवढेच सांगावयाचे असते.

उद्या कायदा झाला तरी तो हक्क बजावणारा पहिला कोण? म्हणून प्रारंभ वरिष्ठांनीच केला पाहिजे. रात्री सुचलेले रात्री लिहावे, पण सकाळी पाठवावे. ईमेलमध्ये तशी वेळ नेमण्याची सोय आहेच. खरोखर तातडीचे असेल तर दूरध्वनी करावा. आणि अडचण प्रथम सांगणाऱ्याचे त्याच गटात, सर्वांसमक्ष आभार मानावेत. विधेयकाची वाट न पाहता पुण्यातील कचेऱ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ साधेल, असे आम्हांस वाटते.