घरची पाटी कोरी का?

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरील बोरगावात, सौंसरात किंवा पांढुर्ण्यात कोणत्याही मराठी घरी सायंकाळी डोकावून पाहावे. आजीशी मराठीत भांडणारे, आईजवळ मराठीत हट्ट धरणारे सहा-सात वर्षांचे मूल दप्तर उघडते, ते मात्र हिंदी पुस्तक काढण्यासाठी. बहुतेकांच्या शाळेचे माध्यम हिंदी आहे. हिंदी या राज्याची राजभाषा आहे आणि ती आमच्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे आणि तो घरातील वडीलधाऱ्यांना आहे. जी भाषा या मुलाच्या ओठांवर आहे, ती त्याच्या डोळ्यांना कधी भेटणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला. हक्क मागितलाच पाहिजे. परंतु निवेदनाचा निकाल लागेपर्यंत सहा वर्षांचे मूल सहा वर्षांचे राहत नाही!

सुदैव असे की, येथील पालकांचे काम वाटते तितके अवघड नाही. बेळगावकडील कन्नड शाळेतल्या मराठी मुलाला मायबोली वाचण्यासाठी वेगळी लिपी शिकावी लागते. बोरगावच्या मुलाला देवनागरी शाळाच शिकवते. घरी उरते ते थोडे. ‘ळ’ची ओळख करून द्यावी, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा ‘र’ दाखवावा, आणि च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार कानावर घालावेत. ‘चार बैलांना चारा’ एवढे तीन शब्द मोठ्याने म्हटले तरी मुलाला यातली गंमत कळते. मग अर्थाची गंमत. शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, घरी ‘शिक्षा’ म्हणजे पाठीत धपाटा. तिकडे ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, इकडे थट्टा. मुले असल्या गोष्टींवर पोट धरून हसतात, आणि हसत शिकलेला शब्द सहसा विसरत नाहीत.

एक चूक मात्र सुशिक्षित घरांतच अधिक होते. वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. मूल पुस्तकात ‘डोळा’ पाहून ‘डोया’ वाचते आणि बाप खेकसतो, ‘अशुद्ध बोलू नकोस!’ त्या मुलाने चूक काय केली? अक्षर पाहून त्याने अर्थ बरोबर ओळखला. वाचन म्हणतात ते यालाच. आजीचा शब्द खोटा ठरवून मुलाला पुस्तकाची गोडी लागणार नाही. ‘आजी डोया म्हणते, पुस्तक डोळा म्हणते’ एवढे हसून सांगावे आणि पुढची ओळ घ्यावी.

वाचन कानापासून सुरू होते, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. कावळ्या-चिमणीची गोष्ट रोज ऐकणारे मूल एके दिवशी तीच गोष्ट छापलेली पाहते, तेव्हा पुढचा शब्द त्याला आधीच माहीत असतो. त्याला मांडीवर घ्यावे, ओळीखाली बोट फिरवत वाचावे, आणि मधेच थांबून पुढचा शब्द त्याच्याकडून घ्यावा. तेच पुस्तक त्याने दहाव्यांदा मागितले तर कंटाळू नये; ओळखीच्या मजकुरावरच त्याची नजर स्थिर होते. प्रत्येक शब्दावर दुरुस्ती करू नये. आईला अक्षरओळख नसेल तरी बिघडत नाही. तिने ऐकावे आणि ‘मग काय झाले?’ एवढेच विचारावे. याला पंधरा मिनिटे पुरतात. चार वर्षांच्या पोराकडून पाटीवर शंभर वेळा ‘क’ गिरवून घेण्यात जातो, तो वेळ याहून अधिक असतो.

दोन भाषांनी मूल गोंधळेल, ही भीती आम्ही पुष्कळांकडून ऐकतो. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच मांडले होते की, एका भाषेत कमावलेले वाचनाचे बळ दुसरीला उपयोगी पडते. मराठीत गोष्ट समजून वाचणारे मूल हिंदी धडाही समजून वाचू लागते. आणि केवळ शाळेवर विसंबण्यासारखी स्थिती तरी कोठे आहे? ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले ‘असर’ पाहणीत २०२२ साली २०.५ टक्के आढळली, २०२४ साली २७.१ टक्के. सुधारणा झाली खरी. तरीही चारांतील जवळजवळ तीन मुले मागेच आहेत.

पुस्तके नाहीत, ही सबबही आता टिकत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक फोनवर विनामूल्य वाचता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तशीच मिळतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पोळा कोणत्या वारी येतो, हे मुलालाच शोधू द्यावे. घरी आलेली मराठी लग्नपत्रिका त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. त्यातल्या मामा-मावश्यांच्या नावांवर ते अडखळेल, पण पत्रिका खाली ठेवणार नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला मुलाने ठेवलेले नाव त्याच्याच हाताने चिठ्ठीवर लिहवून गळ्यात बांधावे.

कारखान्यात पाळीने राबणाऱ्या बापाला रोज हे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याने सुटीचा दिवस घ्यावा. उरलेले दिवस आजोबांनी, थोरल्या बहिणीने वाटून घ्यावेत. कागदावरचे चित्र बोटाने चाचपून पाहण्याची हौस फोनने भागत नाही, म्हणून छापील पुस्तकही घरात हवेच. आमच्या भागातील संत्री नागपूरच्या बाजारात उतरवून गाडी रिकामी परतते. तिच्यात मुलांच्या दोन मराठी पुस्तकांपुरती जागा नक्कीच असते.