‘निम्म्याने’ म्हणजे किती?



शेतकी खात्याने उसाचे सोडून कॅन्सरवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण मुद्दा टक्क्यांचा आहे, आणि टक्का आपल्या सभासदाला चांगला कळतो. उतारा १० चा ११ झाला, तर तो एक टक्क्याने वाढला की दहा टक्क्यांनी, यावर गट ऑफिसात तासभर वाद चालतो. औषधवाला ‘‘खोडकीड निम्म्याने कमी’’ म्हणाला, की आपला माणूस लगेच विचारतो, ‘‘आधी शंभर कोंबांत किती जात होते ते सांगा की!’’ विसाचे दहा झाले तर औषध घ्यावे, दोनाचा एक झाला तर खर्च बघावा. हाच माणूस आरोग्य शिबिरात मात्र गप्प उभा राहतो.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा हॉस्पिटल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होते. निष्कर्ष २००९ साली छापून आले: गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू एचपीव्ही तपासणीच्या गटात जवळजवळ निम्मे.

आता कोंब मोजू. तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया, आठ वर्षांत ३४ मृत्यू. नेहमीच्याच सोयीवर असलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया, ६४ मृत्यू. म्हणजे हजारी दोनाचा एक झाला.

‘‘मग हजारात एकीसाठी एवढा खटाटोप?’’ असे म्हणणारे भेटतात. त्यांचे आम्हाला पटत नाही. या वयाच्या पन्नास हजार बायका धरल्या तर आठ वर्षांत पन्नासएक जीव होतात, तेही एकदाच केलेल्या तपासणीवर. खोडकिडीचा हिशेब इथे लागत नाही. कोंब गेला तर शेजारून फुटवा येतो. पण ‘निम्म्याने’ एवढेच फलकावर लिहून मोकळे होणेही बरोबर नाही. त्याने बाईला वाटते, आपल्याला निम्मा धोका होताच.

दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. त्या अभ्यासात शंभरात सुमारे दहाजणींमध्ये विषाणू सापडला, आणि त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. हे आधी न सांगितल्याने कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घरात रडारड, नाहीतर नवऱ्याचा संशय. बाई पुढच्या तपासणीला जातच नाही, आणि जिला खरी गरज तीही त्यात राहून जाते. ब्रिक्स कमी आला म्हणून आपण ऊस पेटवून देत नाही, पुन्हा नमुना घेतो.

आमचे मत असे, की माताभगिनींनी तपासणी जरूर करून घ्यावी. मात्र ठरवायचे त्यांनी स्वतः, मालकांनी नव्हे. कारखान्याच्या पुढच्या शिबिराच्या पत्रकावर हजारी किती, शंभरी किती हे मोठ्या अक्षरात छापावे, आणि ‘पॉझिटिव्ह’ आल्यास पुढे कुठे जायचे तेही खाली लिहावे, असे आम्ही कार्यालयाला लेखी कळवले आहे.