अम्मीचा चेहरा दिसेल असं इंटरनेट

गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी शारजाला गेले. व्हिसा वाढवत वाढवत पाच महिने राहिले. जाताना माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, बाळाची दुपटी होती. विचार एकाच गोष्टीचा केला नव्हता. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, अंबडच्या घरी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कानाला कमी ऐकू येतं. त्यांना फोनवर बोललेलं समजत नाही, ओठ दिसावे लागतात. म्हणजे व्हिडिओ कॉल ही आमच्या घरची चैन नाही, तोच आमचा फोन आहे.

लेकीचा फ्लॅट नवा होता, इंटरनेट घ्यायचं बाकी होतं. जावयांनी तीन पर्याय सांगितले. एक, भिंतीतून तार येणारं फायबर. दोन, सिमकार्ड बसवलेला ५जी राऊटर, जो प्लगमध्ये लावला की चालू होतो. तीन, मोबाईलचंच हॉटस्पॉट. प्रत्येकजण एकच गोष्ट विचारत होता, "स्पीड किती?" मीही तेच विचारलं. आता वाटतं, तो प्रश्न शेवटचा असायला हवा होता.

परदेशात लांब मुक्काम असेल तर पहिला प्रश्न असा, की किती महिने राहायचं आहे आणि करार किती महिन्यांचा आहे. तिथे स्वस्त दर बहुधा 12 किंवा 24 महिन्यांच्या करारावर मिळतात. लेकीच्या फ्लॅटचा भाडेकरार दहाच महिन्यांचा उरला होता. आपली माणसं इथे घाबरतात आणि बिनकराराचं महाग कनेक्शन घेतात. मी जुनी गणिताची शिक्षिका, कागद घेऊन बसले. समजा करारावर महिना 200 दिरहम आणि मध्येच सोडलं तर एका महिन्याचं भाडं दंड. बिनकराराचं महिना 250. दहा महिन्यांत करारवालं दंडासकट 2200 ला पडतं, बिनकराराचं 2500 ला. पण मुक्काम तीनच महिन्यांचा असेल तर हिशोब उलटतो, 800 विरुद्ध 750. चौथ्या महिन्यात दोन्ही सारखे. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, रीत हीच. फक्त दंड नेमका किती आणि राऊटरचे पैसे वेगळे कापतात का, हे सही करण्याआधी लेखी घ्यावं. दुकानातल्या पोराच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. सिमवाला राऊटर उचलून कुठेही नेता येतो असं आपल्याला वाटतं. काही कंपन्या तो एकाच पत्त्याला बांधून देतात. घर बदललं की गप्प. तेही विचारून घ्यावं. आणि राऊटर टीव्हीमागे लपवू नये, खिडकीशी ठेवावा. ५जीचा सिग्नल काँक्रीटमधून आणि ऊन रोखणाऱ्या काचेतून दमत दमत आत येतो. लेकीने राऊटर कपाटावरून खिडकीत आणला आणि घरातलं निम्मं रडगाणं थांबलं. संध्याकाळी सगळी इमारत एकाच टॉवरवर तुटून पडते, तेव्हा वेग उतरतो. म्हणून चाचणी दुपारी नाही, रात्री नऊला घ्यावी. व्हिडिओ कॉलला अफाट वेग लागत नाही, तुटणार नाही अशी धार लागते. तीनशेचा आकडा दाखवून दर मिनिटाला अडखळणाऱ्या कनेक्शनपेक्षा तीसचं स्थिर कनेक्शन बरं.

आम्ही ५जी राऊटर घेतला. वेग उत्तम. संध्याकाळी मी हौसेने अम्मींना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. रिंग गेली, दिराने उचलला, आणि पुढे काहीच नाही. ना आवाज ना चेहरा. राऊटरला दोष देऊन झाला, तेव्हा जावई हसून म्हणाले, "अम्मी, इथे तो कॉल चालतच नाही."

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, व्हॉइस नोट जाते, फोटो जातात, पण कॉल अडवलेला आहे. फेसटाइमचंही तेच. परवानगी मिळालेली बोटिमसारखी काही ॲप्स आहेत, ती दोन्ही टोकांना असावी लागतात. इकडे आपल्या बाजूला काय झालं? आखाती कुटुंबांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं आयएमओ असायचं. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून 14 ॲप्स बंद केल्याची बातमी आली, त्यात आयएमओचंही नाव होतं. एका टोकाला एक दार बंद, दुसऱ्या टोकाला दुसरं. मधल्या फटीतून आईने लेकराशी बोलायचं.

कुणीतरी कानात सांगतंच, "व्हीपीएन टाका ना." मी नाही म्हणाले, आणि तुम्हालाही नाहीच म्हणेन. तिथल्या कायद्यात गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरल्यास 5 लाख ते 20 लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. साध्या घरगुती कॉलवर असा खटला होईल की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. ज्याची रोजीरोटी व्हिसाच्या शिक्क्यावर आहे, त्याने तो जुगार खेळू नये.

आता ती रात्र सांगते. दुसऱ्या महिन्यात अम्मी मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अंबडला अवकाळी पाऊस होता, लाईट संध्याकाळपासून गेलेली, म्हणजे वायफाय बंद. आमचं घर जुनं, दगडी भिंतींचं. मोबाईलची रेंज दाराच्या उंबऱ्यापर्यंत येते, आत येत नाही. दिराच्या प्रीपेड नंबरवर परदेशी कॉलची सोय नव्हती. घाबरलेल्या माणसाने सवयीने व्हॉट्सॲप कॉल लावला, पुन्हा पुन्हा लावला. माझा फोन रात्री सायलेंट. शेवटी त्याने उंबऱ्यात उभं राहून व्हॉइस नोट पाठवली आणि अम्मींना गाडीत घालून जालन्याला निघाला. मी ती पहाटे फजरला उठल्यावर ऐकली. सात तासांनी. मागे अम्मींचा आवाज येत होता, "बहू कू बोलो रे, बहू कू बोलो."

अम्मींचं ऑपरेशन झालं, अल्लाहच्या कृपेने आता काठी घेऊन चालतात. पण ते सात तास माझ्या मनातून जात नाहीत. शारजात आम्ही वेगाचा एवढा खल केला आणि अंबडच्या टोकाचा विचारच केला नाही. राऊटरला चार तास चालवणारा छोटा यूपीएस बसवायला हवा होता. दिराच्या फोनवर परवानगी असलेलं ॲप टाकून, अम्मींच्या हातून दोनदा सराव करून घ्यायला हवा होता. एका नंबरवर परदेशी कॉलचा रिचार्ज हवा होता, आणि माझ्या फोनवर दिराचा नंबर रात्रीही वाजेल असा. यातलं काहीही महाग नव्हतं.

आणखी एक. आपलं भारतातलं सिम मरू देऊ नका. सलग 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी परत आल्यावर बँकेच्या महिनाभर चकरा मारल्या.

हे सगळं मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांबद्दल बोलले. शारजाच्या औद्योगिक भागात मला भोकरदन तालुक्यातला एक पोरगा भेटला. एका खोलीत सात-आठ जण. भाडेकरार त्याच्या नावावर नाही, म्हणून घरगुती कनेक्शन नाही. तो छोटे छोटे डेटा पॅक घेतो, जे जीबीमागे सगळ्यात महाग. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला स्वस्त, ज्याच्याकडे नाही त्याला महाग. तो म्हणाला, "मावशी, मुलगी चालायला लागली ते मी तुकड्या तुकड्यानं पाहिलं."

माझे मामू 1980 च्या दशकात जेद्दाला होते. ते कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून ती यायची, आणि सगळं घर टेपभोवती बसायचं. चाळीस वर्षांनी मी शारजात बसून व्हॉइस नोट ऐकत होते. कॅसेट तेवढी लवकर पोचू लागली, इतकाच फरक.

तंत्र नाही म्हणून हे अडलेलं नाही. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, त्याच देशाने शाळा आणि ऑफिससाठी झूम, टीम्ससारखी ॲप्स खुली केली होती. कामासाठी दार उघडता येतं, तर आईसाठी का नाही? भारत आणि अमिरातीचा व्यापार करार मे 2022 पासून लागू आहे. दोन्ही सरकारं सोन्यावर बोलतात, गुंतवणुकीवर बोलतात. तिथे लाखोंनी राबणाऱ्या आपल्या माणसांना घरी मोकळेपणाने बोलता यावं, एवढी एक ओळ त्या टेबलावर कुणी मांडायला हवी. आमच्या खासदारांनी ती मागावी. आखातातून पैसा येतो त्या प्रत्येक घराने ती खासदारांकडे मागावी.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. जाण्याआधी दोन्ही टोकं बांधून घ्या. परवा लेकीचा कॉल आला. अम्मींनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं आणि पणतीचे ओठ हलताना पाहून म्हणाल्या, "क्या बोल रई गे ये?" ती अजून काहीच बोलत नाही. पण अम्मींना सगळं समजलं.