सायकल काढा, रेवदंड्याला चला

सायकल कामावर जाण्यासाठी, ती सुटीच्या दिवशी कशाला दामटायची, असे आमचे काही सहकारी म्हणतात. आम्ही म्हणतो, पोराबाळांना आसपासची गावे दाखवायला याहून स्वस्त वाहन नाही. गिअरची महागडी सायकल नको. ब्रेक, हवा आणि घंटी ठीक असली की झाले.

अलिबागहून आमची पसंती रेवदंड्याला. अंतर सुमारे १७ किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. आक्षी, नागाव, चौल अशी गावे लागतात, नारळी-पोफळीच्या वाड्यांची सावली असते. आक्षीचा शके ९३४ चा (इ.स. १०१२) शिलालेख मुलांना जरूर दाखवावा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. रेवदंड्यात तर रस्ता पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारींची रीघ लागते. रस्ता अरुंद, आणि मोटारवाल्याला सायकलवाला दिसत नाही (की पाहायचाच नसतो?). आपल्याला सुटी मात्र रविवारचीच. म्हणून उजाडताच निघावे, नऊ-दहापर्यंत घरी यावे. मुले मध्ये, जाणते माणूस शेवटी. दुपारी वायव्येचा वारा सुटतो, तो परतताना नेमका समोरून येतो आणि पोरे रडकुंडीला येतात. पोयनाडच्या रस्त्याला कार्लेखिंडीचा चढ आहे, वर अवजड वाहने. तिकडे लहानांना नेऊच नये.