नव्या शिक्षकाचा वर्ग आणि वेळेचा हिशेब

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाड्यांतून काही नवे शिक्षक आंबिवली, टिटवाळा या स्थानकांवर उतरू लागतात. विषयाचे ज्ञान त्यांनी पदवीबरोबर आणलेले असते. चिंता असते ती वर्ग कसा सांभाळावा याची. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला बहुधा ठरलेला असतो : आरंभीच धाक बसवा, म्हणजे वर्षभर त्रास नाही. हा सल्ला आज कायद्याला धरून नाही. पण तो हिशेबालाही धरून नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. ते योग्यच झाले. तथापि छडी खाली ठेवल्यावर तिच्या जागी काय आणावे, याचे उत्तर कायदा देत नाही. ते शिक्षकाच्या पूर्वतयारीतच शोधावे लागते.

याच कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरविले आहे. एखादा विषय रोज पस्तीस मिनिटे शिकविला जातो असे धरू. हजेरी, वह्यांचे वाटप, खडूचा शोध आणि ‘शांत बसा’ या घोषात रोज पाच मिनिटे गेली, तर वर्षाअखेर १,१०० मिनिटे, म्हणजे एकतीस तासिका वाया जातात. हे नुकसान येथेच थांबत नाही. वर्गातील गोंगाट बव्हंशी अशा रिकाम्या मिनिटांतच जन्म घेतो. मूल काम नसल्यामुळे बोलते, आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

ही मिनिटे आदल्या दिवशीच्या विचाराने वाचविता येतात. मुले आत येताच फळ्यावर कोणते काम लिहिलेले असेल, वह्या कोण वाटेल, ज्याचे गणित आधी सुटले त्याने पुढे काय करावे आणि ज्याला पहिलीच पायरी कळली नाही त्याच्याजवळ शिक्षकाने केव्हा जावे, हे सारे आधी ठरविता येते. नियम मोजके असावेत, मुलांशी बोलून ठरवावेत आणि सोमवारी जो नियम तोच शनिवारी असावा. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाचे नाव पाठ करणे हेही नियोजनच होय. नावाने हाक मारलेल्या मुलाला दरडावण्याची वेळ क्वचित येते.

परंतु नियोजनासाठी समोरची मुले कोण आहेत हे ठाऊक हवे. आंबिवलीजवळच्या मोहन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि त्यावर जगणाऱ्या कुटुंबांची घडी विसकटली. अशा परिसरात बाकावर पेंगणारे मूल आळशीच असेल असे नाही. घरी हिंदी बोलणारे मूल मराठी सूचना न कळल्यामुळे शेजाऱ्याला विचारते, तेही वर्गाला ‘गडबड’च वाटते. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघरमध्ये असलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच जाणले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता त्यांनी कुरणशाळा चालविली. मुलाची परिस्थिती पाहून शाळेची मांडणी करावी, हा त्यांचा धडा आजही ताजा आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो : एवढा विचार करण्यास नव्या शिक्षकाला सवड कोठे आहे? २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेनुसार त्याची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. प्राथमिक स्तरावरील हे मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झाले; पण मुंबईलगतच्या भागात तेवढ्यावर घर चालविणे सोपे नाही. संध्याकाळ शिकवण्यांत गेली की उद्याच्या तासाची तयारी मागे पडते. कायद्याने शिक्षकाचे जे आठवड्याचे किमान पंचेचाळीस तास ठरविले, त्यांत पूर्वतयारीचा वेळही धरला आहे, याचा मात्र वेळापत्रके आखताना विसर पडतो. कारखान्यात नव्या यंत्रावर हात बसेपर्यंत कामगाराला उसंत मिळते. शिक्षकाकडून पहिल्या दिवसापासून पूर्ण उत्पादनाची अपेक्षा असते.

म्हणून पहिल्या सत्रात तरी मुख्याध्यापकांनी नव्या शिक्षकाला रोज एक तासिका तयारीसाठी मोकळी द्यावी, आठवड्यातून एकदा अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसू द्यावे आणि वर्गाची पारख करताना शांततेबरोबर वह्यांतील कामही पाहावे. यास निराळे अनुदान लागत नाही. वेळापत्रकात थोडा फेरफार पुरतो. तोही आपण करणार नसू, तर नव्या शिक्षकाला वर्ग सांभाळता येत नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.