अणुविज्ञानाचा पैसा गोंदियापर्यंत यावा

मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी पैसा मागितला आणि पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) उभी राहिली. आज विज्ञानाला पैसा पुरवण्याची जबाबदारी सरकारची आहे. अणुऊर्जा विभागाने मुंबई विद्यापीठासोबत २००७ मध्ये मूलभूत विज्ञानाचे केंद्र काढले. फार मोलाचे काम! पण गोंदियाजवळच्या कुडव्याची मुलगी गोंदियात बी.एस्सी. करते तेव्हा तिला किरणोत्सार मोजायला चालू गायगर काउंटर हवा, किरणोत्सारी स्रोत सुरक्षित ठेवायची सोय हवी आणि मुख्य म्हणजे शिकवायला कायमस्वरूपी प्राध्यापक हवा. अणुऊर्जा विभागाचे संशोधन मंडळ विद्यापीठांतल्या प्रकल्पांना अनुदान देते. त्यातला ठरावीक वाटा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांसाठी राखावा, ही आमची आग्रहाची मागणी आहे.